खेकडे-कोळंबी ओळखायला कोणती इंटरॅक्टिव्ह की (प्रश्नांच्या उत्तरांवरून नावं गाळत जाणारी संगणकावरची ओळख-यादी) वापरावी?

पाणकाठ:
रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवरचे चाळीसेक नमुने आहेत. खेकडे जास्त, थोडी कोळंबी. छापील की एका तुटक्या पायावर अडकते, म्हणून इंटरॅक्टिव्ह हवी आहे. ल्युसिड या की चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या एका ऑस्ट्रेलियन कीमध्ये निळा खेकडा घेतला, तर चौथ्या उत्तराला यादी रिकामी! विंडोज लॅपटॉप आहे, भिंग ४० पटीचं.

दहापायी:
आधी कीची हद्द बघा. ऑस्ट्रेलियन म्युझियमची डेल्टा-इंटकी (असंच दुसरं सॉफ्टवेअर) वरची क्रस्टेशिया, म्हणजे कवचधारी प्राण्यांची, की वरच्या गटांसाठी छान आहे, जातीपर्यंत नेत नाही. जातीसाठी तिकडची की इथे चालवू नका. निळा खेकडा पोर्ट्युनस पेलॅजिकस २०१० मध्ये चार जातींत विभागला गेला. त्यातली आर्माटस ऑस्ट्रेलियाची, सेग्निस आणि रेटिक्युलॅटस हिंदी महासागरातल्या. कीमध्ये या दोन नसतील तर ती मुकाट्याने जवळचं नाव हातात ठेवते.

रिकामी यादी म्हणजे एखादं उत्तर चुकलंय किंवा प्राणी कीमध्येच नाही. इंटकीत टॉलरन्स (किती चुका चालतील तो आकडा) १ करा, म्हणजे एका चुकीवर नाव बाद होत नाही. ल्युसिडमध्ये बाद झालेलं नाव निवडून ते का गेलं ते विचारता येतं. बहुतेकदा घोळ कवचाच्या पुढच्या कडेचे दात मोजण्यात असतो. डोळ्याच्या खोबणीबाहेरचा काटा हाच पहिला दात. तो धरून पोर्ट्युनस आणि चिंबोरीला एका बाजूला ९, कॅरिब्डिस या खेकड्यांच्या प्रजातीला बहुधा ६.

मुठेवाली:
रंगाचं उत्तर शेवटी द्या. ७० टक्के इथेनॉलमध्ये रंग उडतो, त्यामुळे बुडवण्याआधी वरून, खालून, समोरून फोटो काढा. पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस या खेकड्याचे पाठीवरचे तीन लाल ठिपके ताज्यातच नीट दिसतात.

चिंबोरी मोठी असेल तर नांगीचं मनगट बघा. बाहेरच्या बाजूला दोन टोकदार काटे आणि कपाळावरचे दात उंच, तर सेराटा ही जात. एकच बोथट काटा आणि दात बसके, गोलसर, तर ऑलिव्हेशिया.

कोळंबीत पोटाचं दुसरं वलय बघा. त्याची कडेची पाळी पहिल्या आणि तिसऱ्या दोन्हींवर चढली असेल तर कॅरिडिया हा कोळंबीचा गट. पहिलीची पाळी दुसरीवर आणि तिसऱ्या पायालाही चिमटा, तर पिनिड हा दुसरा गट. पुढे जातीसाठी नरातला पेटॅस्मा, मादीतलं थेलिकम (दोन्ही प्रजननाचे अवयव) लागतंच. पिल्लांवर वेळ घालवू नका.

तुटक्या पायाला ‘नाही’ असं उत्तर देऊ नका, प्रश्न कोरा सोडा. कोरा चालतो, हाच तर या कीचा फायदा. शेंड्याला तुटलेल्या सोंडेच्या दातांचंही तेच.

गोड्या पाण्यातले मुठे असतील तर नराचा पहिला गोनोपॉड (पोटाखालचा प्रजननाचा अवयव) काढून बघावा लागतो. नुसती पाठ बघून जात ठरत नाही.

पाणकाठ:
बाहेरचा काटा सोडला होता. आठ नाही, नऊ! आता तीन नावं उरलीत.

दहापायी:
तिन्हींची वर्णनं शेजारी ठेवून फरकाचेच अवयव पुन्हा बघा. मग नाव वर्म्सवर (समुद्री जातींच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) तपासा, जुन्या कींमधली बरीच बदललीत.