मदत हवी आहे: फेलोडिपिन आतड्यानं मोडलं की ट्यूबलाइटनं?

नमस्कार मंडळी. एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फेलोडिपिन हे रक्तदाबाचं औषध आतड्यातून पलीकडे किती जातं आणि आतड्याच्या भिंतीतच किती मोडतं, हे मोजायचंय. हेच औषध घेतलं, कारण ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर त्याची रक्तातली पातळी भलतीच वाढते हे १९९१ मध्ये कॅनडातून छापून आलं होतं. रस आतड्यातलं सीवायपी३ए४ हे एन्झाइमच बंद पाडतो.

उंदरांची परवानगी समितीत अडकलीय, म्हणून बोकडाचं आतडं. सकाळी सहाला खाटकाकडे उभी असते. वजडी द्यायला तो कधीही तयार, पण "पोटाला लागूनचा हातभर तुकडा द्या, धुऊ नका" म्हटलं की माझ्याकडे बघतच राहतो.

पद्धत विल्सन-वाइजमन यांची, १९५४ ची. काचेच्या कांडीवर आतडं मोज्यासारखं उलटं करायचं, टोकं दोऱ्यानं बांधून पिशवी करायची, आत १ मिली क्रेब्स-रिंगर (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी), बाहेर औषध, ३७ अंश, ऑक्सिजनचे बुडबुडे.

बाहेर १०० भाग औषध टाकलं तर तासाभरानं बाहेर ६१, आत ९. उरलेले ३० कुठे गेले? एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) पिरिडिनचा, म्हणजे फेलोडिपिन मोडून होणाऱ्या पदार्थाचा, पीक (आलेखावरचा उंचवटा) दिसला आणि मी नाचलेच, कारण ते एन्झाइम फेलोडिपिनचं नेमकं हेच करतं. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "अगं, फ्लास्कला फॉइल कुठंय?" उजेडातही फेलोडिपिनचं पिरिडिनच होतं! आता हा पीक कुणाच्या खात्यावर टाकू? सरांना सांगायच्या आधी इथे विचारतेय.

प्रतिसाद १
आधी फॉइल लावा, खोलीत पिवळा दिवा. मग त्याच टेबलावर आतड्याशिवाय एक कोरा फ्लास्क चालवा. उजेडानं मोडलेलं आणि काचेला चिकटलेलं, दोन्ही त्यात कळेल.
तुमचे ३० बहुतेक आतड्यातच बसलेत. हे औषध फार तेलकट. प्रयोग संपला की पिशवी अॅसिटोनायट्राइल या द्रावकात वाटून मोजा. त्याशिवाय "चयापचय झालं" म्हणू नका, परीक्षक तिथेच धरतील.
मग शेजारशेजारच्या दोन तुकड्यांपैकी एकात केटोकोनॅझोल (हे एन्झाइम बंद पाडणारं औषध) घाला. पिरिडिन घटलं तर ते एन्झाइमचं. तुकडा उकळून तुलना करायचा मोह होईल. चयापचयापुरतं ठीक, पण उकळलेली भिंत गळते, पलीकडे किती गेलं ते त्यावरून काढू नका.

प्रतिसाद २
त्या ९ वरही भिस्त ठेवू नका. जिवंत शरीरात औषध आतड्याच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांमध्येच (व्हिलाय) रक्तात उचललं जातं. तुमच्या पिशवीत त्याला स्नायूंचा थरही ओलांडावा लागतो. जमलं तर स्नायू सोलून उसिंग चेंबर (दोन कप्प्यांमध्ये आतड्याचा पडदा ताणून बसवायचं उपकरण) वापरा. आणि आतडं आणता कशात?

धागाकर्ती
स्टीलच्या डब्यात, साध्या पाण्यात 🙈 उद्यापासून थर्मासमध्ये बर्फ घातलेलं बफर नेते, ग्लुकोज घालून.
कोरा फ्लास्क आज दुपारी चालवला, मुद्दाम फॉइल न लावता. पीक आलाय. आतड्याच्या फ्लास्कमधल्यापेक्षा लहान, पण आलाय.