मैना घोडीची पाठ आखडली. पवन्या तट्टावर बसावं का तिच्यासंगं चालावं?

गंगाकाठचा

गंगाखेडजवळ आमचं शेत. दावणीला दोन जनावरं. पवन्या म्हणजे काकाचं दख्खनी तट्टू, वय सतराच्या पुढं, उंचीला कमी पण कुरकुर नाही. दुसरी मैना, काठेवाडी घोडी, सात वर्षांची, माळेगावच्या यात्रेतून आणलेली. घेताना तिच्या खांद्यामागं दोन्हीकडं पांढरे केस होते. विकणारा म्हणला, शुभ खूण आहे. मी बी खुळ्यावानी मान हलवली. ते खोगीर काचल्याचे वण होते हे आता कळायलंय.

दिवाळीपासून तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळला की कान मागं. दुडकीत मान वर अन् पाठ खाली. खरारा फिरवला की कातडं थरथरतं. डॉक्टरांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली तर बसते का काय अशी खाली वाकली. दीड महिना पाठीवर माणूस नाही. रोज सपाट जमिनीवर हातात धरून वीस मिनिटं चालवायचं अन् गाजराचा व्यायाम करायचा: गाजर दाखवून तोंड पुढच्या पायांच्या मधे न्यायचं, मग दोन्हीकडं फासळ्यांपाशी, दर खेपेला पाच वेळा.

अडचण अशी की सकाळी मला एकच तास असतो, सातला दूध घालायला जावं लागतं. पवन्यावर बसून बांधाबांधानं चक्कर मारली तर दिवस बरा जातो. पण त्याला बाहेर काढलं की ही खिंकाळायली, दाव्याला हिसके द्यायली, घामाघूम व्हायली. परत येऊन तिला चालवावं तर पाठ लाकडावानी.

मंग वाटलं, पवन्यावर बसावं अन् हिला कोतल, म्हणजे बिनस्वाराची नुसती दोरीला धरून, संगं न्यावं. दोन्ही कामं एकदम. जमंल का? शेजारी म्हणतेत गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाळूत चालव, पाठ मोकळी होते. वडील तापल्या सळईनं पाठीला डाग द्यायला तयार बसलेत. वरातीवाल्याचा फोन तर रोज: "नुसती नाचवायची आहे, नवरदेव हलका आहे."

खरं सांगू का, मैना बसायसाठी घेतली होती. आता पवन्यावर बसलो की चोरी केल्यावानी वाटायलंय.

पागेवाली

दादा, कोतल इतक्यात नको. पवन्याच्या चालीनं तिला ओढत नेलं की ती मान वर करणार, पाठ पोकळ करणार, म्हणजे दुखण्यात करते तेच. आधी मान खाली ठेवून शांत चालू द्या. पुढे कधी कोतल नेलीत तर फक्त कदमचालीनं, म्हणजे सावकाश पावलानं, आणि दोरी हाताला गुंडाळू नका, खोगिराला तर मुळीच बांधू नका. एक बुजली की तिघं पडाल.

क्रम उलटा करा. आधी मैना, मग पवन्या. रपेट मारून आलेला माणूस घड्याळ बघत चालवतो, मीही तेच करायचे. आणि मैना एकटी राहू नये म्हणून तिच्याजवळ एखादी शेळी बांधून बघा. हसू नका, चालतं.

आता न विचारलेलं. तुमचं वजन किती? स्वार आणि खोगीर मिळून जनावराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शावर जाऊ नये असा ढोबळ अंदाज धरतात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. पवन्याचं वजन किलोत मिळेल. एकीची पाठ बरी करताना दुसऱ्याची धरायला नको.

नालबंदाचा नातू

डाग देऊ नका. वडिलांना माझ्याकडून हात जोडून सांगा. माझ्या आजोबांनी डागलेली जनावरं मी बघितली आहेत, दुखणं तिथंच आणि वर भाजल्याची जखम.

खोल भुसभुशीत वाळूत पाय रुततो, शिरांवर ताण येतो, दुखरं जनावर अजून आखडतं. काळ्या रानात भेगा पडल्या असतील तर तिथंही नको. गाडीवाट बरी.

नाल शेवटचे कधी बदलले? खुराचा पुढचा भाग लांबला आणि टाच बसली की पायाची ठेवण बिघडते आणि त्याचा ताण पाठीपर्यंत जातो. पाच-सहा आठवड्यांनी खूर बघायलाच हवेत. खोगिराखाली घोंगडीची जादा घडी घालत होता का? सगळे घालतात. आधीच घट्ट बुटात दोन मोजे घातल्यासारखं होतं ते. खोगीर नुसतं ठेवून मागून बघा, कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. आणि शेवटच्या फासळीच्या मागं ते जाता कामा नये.

बँडबाजा_५५

मी वरातीला घोड्या देतो, म्हणून सांगतो. दोन पायांवर उभी राहताना सगळा भार मागच्या पायांवर नि कंबरेवर. ही घोडी देऊ नका. नवरदेव हलका असतो, त्याच्यासंगं एक भाचा बी चढवतेत.

गंगाकाठचा

तीन आठवड्यांनी लिहायलोय, माफी असावी.

पवन्याचा घेर १५८, लांबी १३८. भागाकार केला तर २९० किलो. पाचवा हिस्सा ५८. मी एकटाच ७४, वर खोगीर. घरात कुणालाच सांगितलं नाही, पण बायकोनं कागद वाचला.

घोंगडीची घडी मी घालत होतो, दोन पदरी. नाल मैना आणल्यापासून एकदाच बदलले होते. आता खूर नीट करून घेतलेत. वडिलांनी डागायची सळई गोठ्यात ठेवली होती, तिच्यावर आता कोंबडी बसते.

आता असं चाललंय: पुतण्या चौथीला आहे, त्याचं वजन ३१. तो पवन्यावर, कदमचालीनं. मी मैनाची दोरी धरून बाजूनं पायी. तिचा जोडीदार डोळ्यासमोर असल्यानं खिंकाळणं गेलं, मान खाली टाकून चालायलीय. परवा खरारा फिरवला तर कातडं हललं नाही, अन् खालचा ओठ निवांत लोंबायला लागला. गाजराला डावीकडं फासळ्यांपर्यंत पोचते, उजवीकडं अजून अर्ध्यातच थांबते. डॉक्टर सोमवारी येणारेत, बसायचं ते सांगतील तवाच.

शेळीचं मात्र पागेवाली ताईंनी आधी सांगायला पाहिजे होतं. अर्धी गाजरं तीच खायलीय.