शाळेत दिवसभर शांत, घरी आला की मान झटकणं सुरू. मुद्दाम करतो का?

सिडकोची_आई

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. सव्वा वर्षापूर्वी डोळे मिचकावायला लागला. चष्मा लागला असेल म्हणून दाखवलं, तर ॲलर्जीचे थेंब मिळाले. ते थांबलं आणि मान झटकणं सुरू झालं. पावसाळ्यापासून घशातून 'हुं हुं' असा आवाजही येतो. सासूबाईंनी दोनदा मीठ-मोहरीने दृष्ट काढली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा टुरेट सिंड्रोम हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मला एकच कोडं सुटत नाही. व्हॅनवाले काका सांगतात, गाडीत शांत बसतो. वर्गातही आवाज फार येत नाही म्हणे. पण दारात बूट काढले की अर्धा-पाऊण तास मान नुसती झटकत असते. ह्यांचं म्हणणं, "शाळेत जमतं ना, मग घरी नाटक कशाला?" काल मीही ओरडले, "बास कर आता!" तर म्हणाला, "मम्मी, मी नाही करत, मान करते." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

अंबडचा_टर्नर

ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. मी ३१ वर्षांचा आहे, अंबडला लेथवर काम करतो, आणि मला टुरेट आहे.

शिंक येण्याआधी नाकात जसं होतं ना, तसं माझ्या मानेत, डाव्या कानाच्या खाली होतं. झटका दिला की क्षणभर मोकळं वाटतं, मग पुन्हा भरून येतं. शिंक थोडा वेळ दाबता येते म्हणून ती मुद्दाम दिलेली ठरत नाही. हेही तसंच आहे. पाचवी ते सातवी माझे सगळ्यात वाईट दिवस होते. पोरं हसतात म्हणून मी बाकाची कड घट्ट धरून बसायचो. पूर्ण तास मान सांभाळण्यातच जायचा, बाई काय शिकवून गेल्या ते काही कळायचं नाही. 'लक्ष नाही' असा शेरा प्रगतिपुस्तकात दर सहामाहीला असायचा. कुणी विचारलंच नाही की लक्ष होतं कुठे.

आणि घरी आलो की सगळं सुटायचं. घरी हसणारं कुणी नव्हतं, म्हणूनच सुटायचं. तुमचा मुलगा दारात बूट काढून जे करतो ते तेच आहे. आधी माझी आईही रागवायची. रागावली की दुप्पट व्हायचं. मग एकदा डॉक्टरांनी तिला समजावलं. त्या दिवसापासून ती मेथी निवडत बसायची, मी शेजारी मान झटकत बसायचो, आणि ती माझ्याकडे न बघता डबा संपवला का, एवढंच विचारायची. त्या अर्ध्या तासाची मला दिवसभर ओढ असायची.

विशीत बरंच कमी झालं. सगळ्यांचं होतंच असं नाही, पण बऱ्याच मुलांचं दहा-बाराव्या वर्षी जोरात असतं आणि मग उतरतं. आजही जागरण झालं, ताण आला की डोळे आणि घसा सुरू होतात. पण जॉबचं माप घेताना मान हलत नाही. ढोल गळ्यात असतानाही नाही. नाशिकच्या ढोलावर हात बसला की अंगातलं ते भरून येणं कुठं जातं, मला अजून समजलेलं नाही.

पंचवटीच्या_बाई

मी २६ वर्षं शिकवलं. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता आणि पहिले दोन महिने मी त्याला रागवत होते. ते आजही टोचतं. नंतर त्याच्या आईने डॉक्टरांचं पत्र आणून दिलं. तुम्हीही शाळेला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षीच्या बाईंपर्यंत पोचत नाही. मी त्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं. दाबणं असह्य झालं की न विचारता पाणी प्यायला जायची मुभा दिली. शेवटच्या बाकावर मात्र बसवू देऊ नका, ती शिक्षा वाटते. त्याला विचारूनच वर्गाला सांगितलं की हे शिंकेसारखं आहे. पोरांनी दोन दिवस बघितलं, मग विसरली.

समुपदेशक_गंगापूररोड

थोडी भर घालते. १८८५ साली जिल द ला तूरेत या फ्रेंच डॉक्टरांनी नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हा मज्जासंस्थेचा विकार आहे, संस्कारांचा दोष नाही. न ठरवता पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचालींना किंवा आवाजांना टिक्स म्हणतात. हालचालींच्या किमान दोन टिक्स, आवाजाची एक, एक वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात अठराच्या आत, असं असेल तर हे निदान करतात. तोंडून शिव्या येतात हा समज बहुतेकांना लागू होत नाही, शंभरात दहा-पंधरा जणांनाच तो त्रास असतो.

प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. सीबीआयटी नावाची वर्तन-उपचार पद्धत आहे. त्यात आधीची ती 'भरून येण्याची' जाणीव ओळखायची आणि झटक्याऐवजी दुसरी, सहज न दिसणारी हालचाल धरून ठेवायची, असं शिकवतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. चंचलपणा किंवा तेच तेच विचार येणं सोबत आहे का, तेही तपासून घ्या. कित्येकदा मुलाला टिक्सपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो. आणि तुम्हाला स्वतःला रात्री असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सिडकोची_आई

दादा, तुमचं उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिंकेचं ऐकून काही बोलले नाहीत. आज तो आला तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करून त्याच्याजवळ जाऊन बसले. बाई, पत्र सोमवारी देते. दादा, आठ वर्षांच्या मुलाला ढोल झेपेल का?

अंबडचा_टर्नर

ढोल जड पडेल ताई. ताशा शिकू दे. गणपतीच्या आधी दीड महिना आमचा सराव असतो, संध्याकाळी घेऊन या. कानात कापूस घालून.