जुन्या नोंदवहीतला ‘उपगण फिसिपीडिया’: लेबलवर आता काय लिहावं?

प्रश्न
कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहातल्या कवट्यांची नवी यादी करतोय. जुन्या नोंदवहीत कोल्हा, अस्वल, मुंगूस, तरस हे सगळे ‘उपगण फिसिपीडिया’खाली आहेत, सील ‘पिनिपीडिया’खाली. नव्या पुस्तकांत फिसिपीडिया सापडतच नाही. मुंगसाचं कुळ व्हिव्हेरिडी दिलंय, हायनोडॉन या नामशेष मांसभक्षक सस्तन प्राण्याच्या साच्यावर ‘क्रिओडोंटा’ या जुन्या गटाचं नाव आहे. काय बदलू?

प्रतिसाद १
फिसिपीडिया काढाच. सुटी बोटं असलेले, जमिनीवर चालणारे मांसभक्षक एका बाजूला आणि वल्ह्यासारख्या पायांचे सील, वॉलरस दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी होती. जीवाश्मशास्त्रज्ञ सिम्प्सनच्या १९४५च्या सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणातही ती आहे. पण सील हे अस्वल आणि मुस्टेलिड (पाणमांजराचं कुळ) यांच्याच फांदीतले. कोल्ह्याला अस्वलापेक्षा मांजर जवळचं नाही, आणि अस्वलाला कोल्ह्यापेक्षा सील जवळचा. सील वगळून उरलेल्यांचा गट केला की तो वंश राहत नाही, नुसती उरलेल्यांची यादी होते.

आता गण कार्निव्होरा, त्यात दोन उपगण: कॅनिफॉर्मिया (कोल्हा, अस्वल, सील) आणि फेलिफॉर्मिया (मांजर, मुंगूस, तरस). मुंगसाचं कुळ हर्पेस्टिडी करा, व्हिव्हेरिडीत ऊदमांजरं राहू द्या.

प्रतिसाद २
मुळात ही दोन उपगणांची विभागणी पायांवरून नव्हे, कवटीच्या तळावरून पक्की झाली. इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ फ्लॉवरने १८६९ मध्ये कानाच्या हाडाचा फुगवटा, म्हणजे बुल्ला, तपासून मांसभक्षकांचे गट पाडले, आणि त्याचा गाभा आजही टिकून आहे.

कवटी उलटी धरा आणि कानाच्या भोकातून बारीक टॉर्च मारा. मांजरात आत लगेच हाडाचा पडदा आडवा येतो, कोल्ह्यात पोकळी बरीचशी मोकळी दिसते. मुंगसाच्या बुल्लावर तर बाहेरूनच खाच दिसते, पुढचा आणि मागचा कप्पा वेगळा कळतो. आत माती भरली असेल तर सुई घालू नका, भिंत पातळ असते, फुटते. कोमट पाण्यात भिजवून हळूहळू निथळू द्या.

प्रश्नकर्ता
तरसाची कवटी मात्र कुत्र्यासारखीच वाटते. बुल्ला बाहेरून एकसंध आहे.

प्रतिसाद २
तिथे बुल्लावर भिस्त ठेवू नका, तरसातली कप्प्यांची ठेवण मांजरापेक्षा वेगळी आहे. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये तरस कॅनिसमध्येच, म्हणजे कुत्र्याच्या प्रजातीत, टाकला होता. दात मोजा. कोल्ह्याचे ४२, पट्टेरी तरसाचे ३४. वरच्या सुळ्यामागे प्रत्येक बाजूला कोल्ह्याला चार उपदाढा नि दोन दाढा, तरसाला चार उपदाढा नि एकच इवलीशी दाढ. ती जुन्या कवटीत हमखास गळलेली असते, म्हणून दात न मोजता खोबण्या मोजा.

प्रतिसाद ३
हायनोडॉन कार्निव्होरात घेऊ नका. कार्निव्होरात कातरणारी जोडी म्हणजे वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. हायनोडॉनमध्ये ते काम मुख्यतः वरची दुसरी आणि खालची तिसरी दाढ करते. क्रिओडोंटा हा गटही आता मोडीत निघालाय, ‘हायनोडोंटा’ लिहा.

आणि जुनी लेबलं फेकू नका. नवं लेबल पुढे, जुनं त्याच खोक्यात मागे. नोंद क्रमांक तोच ठेवा. नावं पुन्हा बदलतील, क्रमांक बदलला तर कवटी कुठून आली हेच हरवतं.