मदत हवी आहे : नाटकातला आवाज कॅमेऱ्यासमोर कसा आवरायचा?

गोव्यात फोंड्याला असतो. उत्सवी नाटकं आणि कला अकादमीच्या स्पर्धा यांतच घडलो, म्हणजे देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. आता टीव्हीवरच्या मुलाखतींसाठी निवेदक म्हणून चाचणीला बोलावलंय. कॉलरला माइक लावून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर पाहुण्याला दम देतोय असंच वाटतं! भुवयाही नको तितक्या नाचतात. आवाज खाली आणला की वाक्यातला शेवटचा शब्द गिळला जातो. माइक लांब ठेवला तर पंख्याची घरघर. पाठांतराची अडचण नाही. नोकरीमुळे मुंबईला शिबिराला जाणं जमणार नाही, सराव घरीच, रात्री. नाटकातून निवेदनाकडे वळलेल्यांनी सांगा: पट्टी तीच ठेवून फक्त जोर कमी करायचा, की पट्टीच खाली घ्यायची?