सर्व्हिसिंगला गाडी दिली तर कर्टसी कारचे दिवसाला १८ पाउंड? (यूके)

गोलचौकातला

नमस्कार मंडळी, यूकेतल्या लोकांना मुख्यतः विचारतोय पण इतरांनीही सांगा तुमच्याकडे काय चालतं ते. आमची गाडी दोन वर्षांची, नवी घेतलेली, ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडेच गेल्या मंगळवारी सर्व्हिसला दिली. फोनवर बुकिंग करताना बाईंनी गोड आवाजात विचारलं कर्टसी कार (आपली गाडी आत असेपर्यंत वापरायला देतात ती) लागेल का, मी म्हटलं हो लागेल, लेकीला शाळेत सोडायचं असतं आणि मिल्टन कीन्समध्ये आमच्या बाजूला बसचं काही खरं नाही. पैशाचा विषयच निघाला नाही. यापूर्वी एकदा घेतली होती तेव्हा फुकट होती त्यामुळे मीही विचारलं नाही, ही माझी चूक धरा हवं तर.

मंगळवारी सकाळी आठला काउंटरवर मागे पाच माणसांची रांग, हाताला धरून पोरगी, आणि समोरच्या पोराने टॅबलेट पुढे केला, इथे सही इथे सही अजून एक इथे. तिसऱ्या सहीच्या वर बारीक अक्षरात दिवसाला १८ पाउंड. मी विचारलं हे काय तर म्हणे इन्शुरन्सचे आहेत सर, आता सगळेच घेतात. शाळेची वेळ होत आलेली, केली सही.

खरी गंमत पुढे. दुपारी फोन आला की सर्व्हिस झाली पण वॉटर पंपापाशी कूलंट गळतंय, वॉरंटीत बसतं, काळजी नको, फक्त पार्ट मागवावा लागेल आणि तोवर गाडी चालवू नका. पार्ट आला गुरुवारी संध्याकाळी, गाडी मिळाली शुक्रवारी. बिलात कर्टसी कार ४ दिवस, ७२ पाउंड. म्हणजे पंप त्यांच्या कंपनीचा खराब, पार्ट त्यांच्याकडे शिल्लक नाही, आणि वाट बघायचं भाडं मी देतोय. वर दिलेली गाडी इतकी कोरडी होती की काटा लाल रेघेवर, ३४ मैल दाखवत होती, मी वीस पाउंडाचं पेट्रोल टाकलं आणि परत देताना अर्ध्याहून जास्त त्यांनाच दान केलं.

हे असं घेता येतं का? बायको म्हणते ७२ पाउंडासाठी डोकं फिरवून घेऊ नकोस, पण मला झोप येत नाहीये.

थेम्सकाठची

घेता येतं, आणि घेताही येत नाही. सांगते.

सर्व्हिसिंगच्या दिवशी दुसरी गाडी फुकट द्यायलाच पाहिजे असा इथे कुठलाही कायदा नाही. ती त्यांची मेहेरबानी, नावच कर्टसी आहे, आता मेहेरबानीलाही रेटकार्ड लागलं एवढंच. एप्रिल २०२५ पासून ड्रिप प्रायसिंगवर (आधी कमी किंमत दाखवून मग चार्जेस जोडत जाणं) बंदी आलीय असं कुणीतरी इथे येऊन सांगेलच, म्हणून आधीच लिहून ठेवते, तो नियम टाळता न येणाऱ्या चार्जेसचा आहे, ते जाहिरातीतल्या किमतीत आधीच धरायला हवेत. कर्टसी कार आपण मागून घेतो, त्यामुळे तो इथे सरळ लागत नाही. बुकिंगच्या फोनवर सांगितलं नाही ही तक्रार मात्र रास्त आहे, ती कर.

पण मंगळवार वेगळा आणि बुध-गुरु-शुक्र वेगळे. तू चारही दिवस एका पिशवीत घालून भांडतोयस म्हणून तुझी बाजू कच्ची पडतेय. मंगळवारी गाडी तू स्वतः सर्व्हिसला नेलीस. पुढचे तीन दिवस गाडीत दोष होता म्हणून ती अडकली. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ म्हणतो की सदोष वस्तू दुरुस्त करताना विक्रेत्याने ती वाजवी वेळेत आणि ग्राहकाची फार गैरसोय न करता करायची आणि त्याचा आवश्यक खर्च त्याने सोसायचा. आता इथे मेख अशी आहे की पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरतात, त्यानंतर ते आपण दाखवायचं असतं. तुझी गाडी दोन वर्षांची, त्यामुळे कोर्टाच्या भाषेत जोर थोडा कमी. पण दोष आहे हे त्यांनीच कबूल करून वॉरंटीत घातलंय ना, मग बोलायला जागा भरपूर आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत मोबिलिटी (गाडी अडकली तर दुसऱ्या गाडीची सोय) नावाचं प्रकरण आहे का तेही बघ. आणि गाडी पीसीपीवर (हप्त्यांच्या फायनान्सवर) असेल तर कायद्याने विक्रेता फायनान्स कंपनी ठरते, डीलरने कानावर हात ठेवले तर तिकडे लिहिता येतं.

फोन करू नकोस, ईमेल कर. ७२ मागू नकोस, ५४ माग.

आणि एक विचारते, तू १८ बघितलेस, एक्सेस (टक्कर झाली तर आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती होता ते बघितलंस का?

गोलचौकातला

एक्सेस आत्ता कागद काढून बघितला. १००० पाउंड. माझ्या स्वतःच्या पॉलिसीत ३०० आहे. हजार पाउंडाच्या जबाबदारीवर मी चार दिवस शाळेच्या गल्लीत त्या गाडीने पॅरलल पार्किंग करत होतो, बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं.

काउंटरपलीकडला

सहा वर्षं मी त्या टॅबलेटच्या पलीकडच्या बाजूला होतो, लेस्टरमध्ये, आता सोडलं ते काम, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. शिव्या घाला पण आधी वाचा.

आमच्याकडे कर्टसीच्या सहा गाड्या आणि दिवसाला वीसेक बुकिंग. फुकट होत्या तेव्हा प्रत्येकाला पाहिजे. घरून काम करणारा माणूस, दिवसभर गाडी दारात उभी राहणार, तरी पाहिजे. संध्याकाळी पाचला परत द्यायची ती दुसऱ्या दिवशी नऊला आणणार आणि मग त्या दिवशीचा माणूस आमच्या नावाने ओरडणार. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस, एकदा तर डिकीत ओल्या सिमेंटची फुटलेली गोणी मिळाली. चार्ज लावला आणि एका महिन्यात मागणी निम्म्यावर आली, ज्याला खरंच गरज त्यालाच गाडी मिळायला लागली. हे खरं आहे.

पण हेही खरं की ‘इन्शुरन्सचे पैसे’ हे अर्धसत्य आहे. फ्लीट पॉलिसी (डीलरच्या सगळ्या गाड्यांची एकत्र) वर्षाची असते, तुम्ही गाडी नेली म्हणून त्या दिवशी वेगळा हप्ता पडत नाही. त्या १८ मध्ये इन्शुरन्स आहे, गाडीची घसरणारी किंमत आहे, धुणं आहे आणि मॅनेजरचं टार्गेटही आहे. त्या गाड्या काही महिन्यांनी कमी मायलेजच्या म्हणून पुढे विकल्याही जातात. त्यामुळे काउंटरवर एक वाक्य विचारायचं, “मी माझाच इन्शुरन्स आणला तर चार्ज किती?” काही विमा कंपन्या सर्व्हिसच्या काळात कर्टसी कार आपल्या पॉलिसीवर थोड्या दिवसांसाठी जोडून देतात, काही फुकट, काही थोडे पैसे घेऊन. आदल्या दिवशी फोन करून नंबरप्लेट सांगायची. बरेच डीलर मग चार्ज काढतात आणि एक्सेस तुमच्या पॉलिसीचा लागतो. फक्त टक्कर झाली तर क्लेमही तुमच्याच नावावर बसतो, ते ध्यानात ठेवा.

काही जण म्हणतात माझ्या पॉलिसीत दुसऱ्याची गाडी चालवायचं कव्हर आहे. ते आता बऱ्याच पॉलिसीत नसतं, असलं तरी फक्त थर्ड पार्टी, आणि भाड्याची गाडी त्यातून वगळलेली असते. त्याच्या भरवशावर सही करू नका.

निघण्याआधी व्हिडिओ काढा. फोटो नाही, व्हिडिओ. चारही ॲलॉयच्या कडा जवळून, पुढच्या बंपरचा खालचा ओठ (तिथे वाकून कुणी बघत नाही), काचेवरचे खडे लागलेले ठिपके, आणि शेवटी डॅशबोर्ड, पेट्रोलचा काटा आणि मैल दिसतील असा. ॲलॉय फुटपाथला घासलेलं असणं हा सगळ्यात जास्त वादाचा विषय, आणि आमच्याकडच्या फॉर्मवर गाडीचं जे चित्र असतं त्यात खुणा करायला सकाळच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. शुक्रवारी संध्याकाळी गाडी परत देत असाल तर कुणीतरी सोबत येऊन बघितल्याशिवाय चावी पेटीत टाकून पळू नका.

गोलचौकातले भाऊ, तुमचे तीन दिवसांचे पैसे परत मिळायला हवेत. वॉरंटीचं काम लांबलं तर कारखान्याकडून कर्टसीचे पैसे क्लेम करता येतात का हे मॅनेजरला नेमक्या याच शब्दांत विचारा. सगळ्या ब्रँडमध्ये ती सोय असतेच असं नाही, पण प्रश्न विचारणारा ग्राहक आला की खुर्चीत जरा सरसावून बसतात.

कर्वेनगरचा

तुमच्याकडे निदान गाडी मिळते राव. इकडे पुण्यात आमच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने पिकअप-ड्रॉपचे पाचशे लावले आणि पिकअपला आलेला पोरगा माझ्या गाडीत एसी फुल लावून कुणाशी तरी फोनवर भांडत गेला, डॅशकॅममध्ये सगळं. बिलात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अँटी रस्ट, मी न मागितलेलं सगळं, त्या लेबरवर १८ टक्के जीएसटी. दुसरी गाडी मागितली तर म्हणे रिक्षाने जा साहेब, जवळच आहे.

पण एक मुद्दा भारतातल्यांसाठी महत्त्वाचा. मागे एकदा अपघाताच्या कामाला गाडी तीन आठवडे आत होती तेव्हा एका डीलरच्या माणसाने हळूच सांगितलं की डेमो कार देतो, दिवसाला पंधराशे कॅश, पावती नाही. गाडीला पांढरी प्लेट. अजिबात घेऊ नका असली. आपल्याकडे सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात, गोव्यात बघितली असतील, तिकडे पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणाऱ्यांवर कारवाया पण होतात. आणि प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत स्वच्छ लिहिलेलं असतं की भाड्याने वापरली तर कव्हर नाही. म्हणजे फुकट दिली तर इन्शुरन्स आहे आणि पैसे घेऊन दिली तर नाही, उलटंच. कुणाला धडकलात तर काय कराल. त्यापेक्षा पॉलिसी रिन्यू करताना डेली अलाउन्सचं ॲड-ऑन मिळतं ते बघा, अपघाताच्या क्लेमसाठी गाडी गॅरेजमध्ये असली की ठरावीक दिवस ठरावीक रक्कम मिळते, पहिले काही दिवस सोडून. रेग्युलर सर्व्हिसिंगला ते चालत नाही.

सायकलवाले काका

मुळात डीलरकडे जाताच कशाला हो. वॉरंटी जाईल ही भीती त्यांनीच घातलेली आहे. इथे २०२३ पासून मोटर व्हेइकल ब्लॉक एक्झेम्प्शन ऑर्डर आहे, त्याआधी युरोपचा तसाच नियम होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली, कंपनीच्या शेड्यूलप्रमाणे केली, पार्ट त्या दर्जाचे वापरले आणि बिलं जपून ठेवली तर निव्वळ त्या कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. आमचा गॅरेजवाला कोपऱ्यावर आहे, पंजाबी गृहस्थ, गाडी टाकतो आणि चालत घरी येतो, कर्टसी कार म्हणजे माझे दोन पाय.

थेम्सकाठची

काका, वॉरंटीचा पंप तुमचा कोपऱ्यावरचा गृहस्थ फुकट बदलून देणार नाही ना. त्याला शेवटी डीलरकडेच जावं लागलं असतं, आणि मग तेच १८ पाउंड.

नवीनच_आलेली

मध्येच विचारते, सॉरी. आम्ही नाशिकहून येऊन सात महिने झाले, नवरा इंडियन लायसन्सवर चालवतो, गाडीचा इन्शुरन्सही तसाच काढलाय. पुढच्या महिन्यात सर्व्हिस आहे. कर्टसी कार मिळेल का?

काउंटरपलीकडला

ताई, पहिले १२ महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवणं कायदेशीर आहे, पण डीलरच्या फ्लीट पॉलिसीत बहुतेक वेळा यूकेचंच लायसन्स मागतात, तेही वर्ष-दोन वर्षं जुनं, आणि वयाची अट वेगळी. बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या नाहीतर सकाळी काउंटरवरून टॅक्सीने परत जाल. यूकेचं आलं की डीव्हीएलएच्या (लायसन्स देणारं सरकारी खातं) साइटवरून लायसन्स तपासायचा चेक कोड काढून न्यायचा, तो २१ दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, तो लागतो.

आणि लंडनकडे जाणार असाल तर युलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क), कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचं शुल्क) वेळेवर भरा. दंडाची नोटीस गाडीच्या मालकाला म्हणजे डीलरला जाते, मग तो दंड अधिक स्वतःची ॲडमिन फी असं दोन्ही तुमच्या कार्डावर टाकतो. त्या तीन सह्यांमधली एक सही त्याचीच असते.

गोलचौकातला

अपडेट देतो, नाहीतर इथले लोक म्हणतील काम झालं की गायब.

थेम्सकाठच्या ताईंनी सांगितलं तसं रविवारी रात्री ईमेल टाकला, आठ ओळी, शिवीगाळ नाही. मंगळवारचे १८ मान्य आहेत पण बुकिंगच्या वेळी सांगायला हवे होते, पुढचे तीन दिवस तुमच्या वॉरंटीच्या पार्टसाठी थांबलो ते ५४ परत करा, आणि कारखान्याकडे क्लेम करता येतो का तेही कळवा. खाली एक ओळ, आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही तर मोटर ओम्बड्समनकडे (गाड्यांच्या तक्रारी सोडवणारी संस्था) जाईन. (डीलर त्यांचा सभासद आहे, दारावर स्टिकर बघून आलो होतो.)

आज सकाळी सर्व्हिस मॅनेजरचा फोन. ५४ पाउंड परत, ‘गुडविल जेश्चर’ म्हणून, म्हणजे चूक कबूल नाही पण पैसे कबूल. कारखान्याच्या क्लेमबद्दल विचारलं तर माणूस जरा थांबला आणि म्हणाला ते आम्ही आतल्या आत बघतो. बुकिंगच्या बाईंना आता फोनवर रक्कम सांगायला सांगितलंय म्हणे, बघू. पेट्रोलचं काही बोललो नाही, बायकोने नजरेने सांगितलं तेवढं पुरे.

फक्त लेकीचे पावसाळी बूट त्या कर्टसी कारच्या डिकीत राहिलेत आणि गाडी सध्या दुसऱ्या कुणाकडे आहे, गुरुवारी येईल म्हणतात. तोवर पोरगी रोज विचारतेय.