बॉक देताना पंचांनी हेतू पाहावा की हालचाल?

पंचवटीकर :
महात्मानगरच्या मैदानावर शालेय मुलांच्या बेसबॉल सामन्यात पहिल्या बेसवर धावपटू असताना पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू) सेट पोझिशनमध्ये, म्हणजे फेकण्याआधी थांबायच्या स्थितीत, हात एकत्र आणून क्षणभरही न थांबता चेंडू टाकत होता. पंचांनी बॉक (धावपटूला फसवू शकेल अशी पिचरची नियमबाह्य हालचाल) न देता त्याला केवळ समज दिली आणि मुलाचा फसवण्याचा हेतू नव्हता, असे कारण सांगितले. हे मला मुळीच पटत नाही. पंचांना शंका असेल तेव्हा पिचरचा हेतू लक्षात घ्यावा, असे नियमावलीत म्हटले आहे हे खरे. पण हात थांबले की नाही हे डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना शंकेला जागा कुठे उरते? धावपटू बेस सोडून चार पावले पुढे येतो तो त्या थांबण्याच्या भरवशावर. पिचर बेसकडे फेकणार की बॅटरकडे, हे ओळखण्याची तेवढीच संधी त्याला मिळते.

सिडको शॉर्टस्टॉप :
सर, शब्दावर बोट ठेवून नियम लावल्यास काय होते, हे अमेरिकेच्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेने 1988 साली अनुभवले आहे. पिचरचे थांबणे ‘स्पष्ट दिसणारे’ असावे, अशी शब्दरचना त्या वर्षी केली गेली आणि आदल्या वर्षीच्या 356 बॉकची संख्या थेट 924 वर गेली. एकट्या डेव्ह स्टुअर्ट या पिचरवर 16 बॉक लागले. पुढच्या वर्षी जुनी शब्दरचना परत आणावी लागली. व्यावसायिक पिचरची ही गत असेल, तर चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्या डावात एकदा सांगून पाहण्यात गैर काय?

नाशिकरोडची पंच :
बॉक कधी द्यावा यावर आपण वाद घालतो, पण दिल्यावर काय करायचे याकडे दुर्लक्ष होते, याचे मला जास्त वाईट वाटते. अधिकृत नियमावलीनुसार पिचरने चेंडू टाकलाच असेल, तर पंचांनी ‘बॉक’ असे मोठ्याने सांगून खेळ चालू द्यायचा असतो. बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोचला आणि बाकीचे धावपटूही किमान एक बेस पुढे गेले, तर बॉक विसरायचा, अन्यथा चेंडू मृत (खेळ थांबलेला) धरून प्रत्येक धावपटूला एक बेस द्यायचा. आपल्याकडे मात्र लगेच हात वर करून खेळ थांबवला जातो आणि बॅटरचा खणखणीत फटका वाया जातो, म्हणजे चूक पिचरची आणि नुकसान बॅटिंग करणाऱ्या संघाचे. अमेरिकेतील शालेय नियमांत चेंडू तत्काळ मृत होतो. तिथल्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून हा गोंधळ वाढतो. शिवाय आपल्यापैकी बरेच जण सॉफ्टबॉलमधून आलेले असून तिथे चेंडू सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडताच येत नाही, त्यामुळे बॉक पाहण्याची नजर तयार होत नाही.

पंचवटीकर :
ताई, आपला मुद्दा शंभर टक्के मान्य. शॉर्टस्टॉप, 1988 साली आकडा फुगला तो शब्दरचना बदलल्यामुळे. थांबण्याची अट त्याआधीही होती आणि आजही आहे. खांदा किंवा गुडघा किंचित हलला, तर हेतूचा विचार अवश्य करावा. मात्र रबरवर (पिचरने पाय ठेवायच्या पट्टीवर) पाय ठेवून पहिल्या बेसकडे फेकण्याची नुसती हूल देणे, किंवा 2013 पासून तिसऱ्या बेसकडे तशी हूल देणे, हा उघड बॉक आहे. समज द्यायचीच असेल, तर सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना द्यावी.

सिडको शॉर्टस्टॉप :
सामन्यापूर्वी सांगण्याची सूचना मला मान्य आहे, हुलीबद्दलही वाद नाही. नवख्या मुलाच्या थांबण्याबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.